ऐरण, भाता आणि कामाचे मोल

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण सांगताना दगडाच्या सोसण्याचे कौतुक होते, पाथरवटाच्या हातालाही मान मिळतो. मात्र ती टाकी कोणी घडविली, तिला पाणी कोणी दिले आणि ती बोथट झाल्यावर तिचे टोक पुन्हा कोणी काढून दिले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारासारख्या मंगल प्रसंगी गाभारा, कळस आणि मूर्ती यांचा इतिहास लिहिला जातो, व ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या भट्टीवाचून एकही चिरा घडला नसता त्या लोहाराच्या दुकानाचा इतिहासही यानिमित्ताने डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. हा इतिहास हातोड्याचा आहे, तसाच तो हिशोबाचाही आहे. लोहाराच्या कामाचे मोल कोणी ठरविले आणि ते त्याच्या पदरात केव्हा पडले, या दोन गोष्टींवरच त्याचे दुकान प्रत्येक काळात चालले अथवा बसले.

प्राचीन काळ

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. त्यांतील १६ क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) याच्या नावाशी जोडले जाते. वरून खाली खोदत आणलेल्या या एकसंध मंदिरासाठी लाखावर टन कातळ काढावा लागला असे अभ्यासक मानतात. सह्याद्रीचा हा काळा कातळ टाकीला फार वेळ टिकू देत नाही. काही काळ काम झाले की टोक बसते आणि टाकी पुन्हा भट्टीत घालावी लागते. भिंतींवर टाकीच्या खुणा आजही स्पष्ट दिसतात. या खुणांमागे भाते किती चालले असतील आणि कोळसा किती जळला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. राजाचे नाव राहिले, लेणे राहिले. भट्टीवाल्याचे नाव मात्र राहिले नाही.

पण सर्वच लोहार असे अनामिक राहिले, असे नाही. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या एका लोहाराने वाट बांधून दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. लोहाराला तेथे ‘कमार’ म्हटले आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात कासारांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघाकडे, धर्मादायाची रक्कम व्याजाने ठेवल्याची नोंद आढळते. यावरून दोन गोष्टी कळतात. त्या काळी धातुकाम करणाऱ्याच्या हाती दान देण्याइतका पैसा उरत होता, आणि त्यांच्या संघटनेवर धर्मसंस्थेचा पैसा सोपविण्याइतका लोकांचा विश्वास होता. आज देवस्थानांच्या वर्गणीदारांची यादी छापली जाते, तद्वतच ही दगडात कोरलेली यादी होय. त्या काळी आपले पैठण ही सातवाहनांची राजधानी होती आणि कल्याण बंदराशी तिचा व्यापार चालत होता.

महाराष्ट्रातील लोखंडाचे काम त्याहूनही जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. भट्टीच्या वक्र विटा, वारा घालण्याची मातीची नळी आणि लोखंडाची मळी असे अवशेष तेथे सापडले. ही भट्टी ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. शिलावर्तुळे उभारणाऱ्या त्या लोकांच्या थडग्यांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे लगाम मिळाले आहेत. त्या काळच्या लोहाराने घडविलेली कुऱ्हाड आज पाहिली तरी ती कुऱ्हाड म्हणून ओळखू येते. एवढ्या काळात अवजारांचा मूळ आकार फारसा बदललेला नाही.

किल्ला आणि पोलाद

देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला पाहणाऱ्याने दरवाजांवरचे अणकुचीदार खिळे पाहिले असतील. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये यासाठी ते ठोकलेले असत. किल्ल्यातील ‘अंधारी’ या भुयारी वाटेच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण होते. शत्रू आत शिरल्यास त्यावर विस्तव पेटवून भुयार धुराने भरून टाकावे, अशी ती योजना. मेंढ्याच्या तोंडाच्या आकाराची ‘मेंढा तोफ’ ही मिश्र धातू ओतून केलेली आहे, म्हणजे ते काम ओताऱ्याचे. येथे एक भेद लक्षात घ्यावा. तापवून ठोकणारा तो लोहार, धातू वितळवून साच्यात ओतणारा ओतारी, तांब्याची भांडी ठोकणारा तांबट आणि पितळ-काशाचा व्यवहार करणारा कासार. देवळाची घंटा काशाची, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची. ती लोहाराच्या भट्टीत होत नाही. तिला टांगणारी साखळी आणि आकडा मात्र लोहाराचा. शहरातील कासारी बाजार हे नाव याच जुन्या धंद्यांची आठवण देते.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, आजच्या तेलंगणातील निजामाबाद भागात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील पोलाद जगप्रसिद्ध होते. लोखंड मातीच्या मुशीत घालून, मुशीचे तोंड बंद करून, ती अहोरात्र भट्टीत तापविली जाई आणि सावकाश निवू दिली जाई. या पोलादाच्या लहान लहान वड्या इराणात जात व त्यांच्या तलवारी घडत. दमास्कसच्या तलवारी म्हणून जगाने ज्यांची वाखाणणी केली, त्या प्रकारच्या पात्यांचा कच्चा माल हिंदुस्थानातील अशा भट्ट्यांतून जात असे. १८२० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भूमापन खात्यातील डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी या गावाला भेट देऊन सर्व कृती लिहून ठेवली. इराणी व्यापारी स्वतः तेथे येऊन माल पारखून घेत, हेही त्यांनी नमूद केले आहे. माल अव्वल दर्जाचा होता. पण तो दूरच्या बाजारात कोणत्या भावाने विकला जातो हे घडविणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाजार ज्याच्या हाती, नफा त्याचा, हा धडा तेव्हाही होता.

बलुत्याचा व्यवहार

शहरातील कारागिराची ही कथा, तर खेड्यातील लोहाराची वेगळी. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. बारा बलुतेदारांत लोहाराची गणना सामान्यतः थोरल्या काशीत, म्हणजे पहिल्या ओळीत होते. सुतार आणि लोहार यांच्यावाचून पेरणीच होत नाही, मग त्यांचे स्थान वरचे असणारच.

व्यवहार असा होता. शेतकऱ्याने लोखंड आणि बहुधा कोळसाही आणून द्यावा; लोहाराने वर्षभर त्याची अवजारे चालू ठेवावीत. नांगराचा फाळ शेवटणे, म्हणजे झिजलेले टोक तापवून, ठोकून पुन्हा काढणे. वखराची पास सरळ करणे. तिफणीचे फण नीट करणे. विळ्या-खुरप्यांना धार काढणे. कुऱ्हाड, कुदळ, पहार यांची देखभाल करणे. अशी ही सेवा. प्रत्येक वेळी पैसे मागावयाचे नाहीत. सुगी आली की खळ्यावर जाऊन ठरलेले धान्य आणि पेंढ्या घ्यावयाच्या. नवी वस्तू केली तर तिचा वेगळा मोबदला मिळे.

या पद्धतीत एक मोठी शहाणी गोष्ट होती. लोहाराला मोबदला वस्तूचा मिळत नसून ती वस्तू चालू ठेवण्याचा मिळत होता. म्हणून फाळ लवकर मोडावा असे त्याला कधी वाटले नाही. उलट तो जितका टिकेल तितके त्याचे श्रम वाचत. परंतु या पद्धतीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. पीक बुडाले की बलुते बुडाले. बारा महिने काम करून खळ्यावर मापट्यासाठी उभे राहावे लागे, आणि माप देणाऱ्याच्या मर्जीवर पुष्कळ अवलंबून असे. जातीने ठरलेला धंदा सोडता येत नसे, गावही सहज सोडता येत नसे. लोहाराची कारभारीण भाता ओढी, घण मारी, मुले कोळसे फोडीत. या सर्वांच्या श्रमाचे वेगळे मोजमाप कोठेच नव्हते. पोटाला मिळण्याची हमी होती, हाती पैसा येण्याची नव्हती.

बलुतेदारीच्या बाहेर राहिलेला लोहार म्हणजे घिसाडी. बैलगाडीवर संसार, रस्त्याच्या कडेला खड्ड्यात भट्टी, एका हाताने फिरविण्याचा पंखा आणि समोर ऐरण. पुरुषाने सांडशीत लोखंड धरावयाचे आणि बाईने घण मारावयाचा, हे दृश्य मराठवाड्यातील बाजाराच्या गावी अनेकांनी पाहिले आहे. राजस्थानातील गाडिया लोहारांची अशी परंपरागत कथा आहे की, चितोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी घरात न राहण्याची शपथ घेतली. ती शपथ फेडली जावी म्हणून १९५५ साली पंतप्रधान पंडित नेहरू यांनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडात नेले होते. घिसाड्याला रोख पैसा मिळे, कोणाच्या खळ्यावर उभे राहावे लागत नसे. मात्र त्याला गाव नव्हते, पत नव्हती आणि मुलांना शाळा नव्हती. बलुतेदाराला गाव होते पण मोकळीक नव्हती. घिसाड्याला मोकळीक होती पण गाव नव्हते.

हातातील विद्या

या कामात विद्या किती आहे हे बैलगाडीच्या चाकाला धाव बसविताना दिसे. धाव म्हणजे चाकाभोवतीचे लोखंडी कडे. लोहार मुद्दामच ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान जुळवी. मग गोवऱ्यांच्या गोल आरात ती लाल होईपर्यंत तापवावयाची, तिघा-चौघांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. पाच फूट व्यासाच्या चाकाची धाव अशी तापविली की तिचा घेर एक इंचाहून थोडा अधिक वाढतो. निवताना ती आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा या सर्वांना आवळून धरते. धाव फार लहान झाली तर चाक फुटते आणि मोठी झाली तर महिन्याभरात निखळते. हे माप लोहार फुटपट्टीशिवाय, दोरीने आणि नजरेने घेत असे.

दुसरी विद्या पाणी देण्याची. साधे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी त्याला खरी धार चढत नाही. त्यासाठी पोलाद लागते. म्हणून जुन्या मालमोटारींच्या कमानीचे पाटे लोहार जपून ठेवतो. त्या पाट्याची कुऱ्हाड किंवा विळा करून लालभडक असताना पाण्यात बुडविला की तो कठीण होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. त्याला पुन्हा हलकी आच दिली की घासलेल्या पृष्ठावर रंग चढू लागतात. प्रथम गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. कोणत्या रंगावर थांबावयाचे हे अवजारावर अवलंबून असते. धारेच्या अवजाराला पिवळा रंग पुरतो, घाव सोसणाऱ्या छिन्नीला जांभळ्यापर्यंत न्यावे लागते. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने डोळ्यांनी वाचलेले हे धातुशास्त्रच होय.

बाहेरचे लोखंड, आपला नांगर

एकोणिसाव्या शतकात विलायतेचे स्वस्त लोखंड आले. महाबळेश्वरच्या परिसरात धावड नावाचे लोक पिढ्यान्पिढ्या दगडातून लोखंड गाळीत असत. एकीकडे बाहेरचे लोखंड स्वस्त झाले आणि दुसरीकडे जंगलाच्या निर्बंधांमुळे कोळसा मिळणे कठीण झाले. त्यांचा धंदा त्याच शतकात संपला. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादला रेल्वे आली आणि बाहेरचा माल थेट मराठवाड्यात उतरू लागला. लोखंड गाळणारा संपला, मात्र लोखंड घडविणारा टिकला, कारण फाळ शेवटण्याचे काम विलायतेहून होण्यासारखे नव्हते.

याच काळात एका मराठी माणसाने लहान दुकानातून मोठा कारखाना उभा केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९ ते १९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवीत होते. १८८८ साली बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान सुरू झाले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांचे काम निघाले. नांगर १९०३ च्या सुमाराचा. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. माल तयार आहे, घेणारा नाही आणि पैसा मालात अडकला आहे, अशी ती दोन वर्षे होती. छोटे दुकान चालविणाऱ्या कोणालाही ही अवस्था सांगावी लागत नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन व कर्ज दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. ज्या धातूने पूर्वी गड राखले त्याच धातूने शेत नांगरले, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

किर्लोस्करांच्या यशाचे श्रेय कल्पकतेला आहेच, पण दोन गोष्टी विसरू नयेत. गरजेच्या वेळी जागा आणि भांडवल देणारा कोणी तरी उभा राहिला, आणि माल खपेपर्यंत थांबण्याचे बळ अंगी होते. गावोगावच्या शेकडो कुशल लोहारांच्या वाट्याला यांतील एकही गोष्ट आली नाही.

दुष्काळ, वसाहती आणि नव्या वस्त्या

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील खेडे मुळापासून हलविले. खळेच झाले नाही तेथे बलुते कोठून येणार? शेतकरी, बलुतेदार आणि मजूर सर्वच जण खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर गेले. त्या कामांवर टिकाव, पहारी आणि छिन्न्या रोज बोथट होत आणि लोहाराची गरज रोज भासे. मात्र तेथे त्याला धान्याऐवजी रोख मजुरी मिळे. अनेक कुटुंबांचा बलुत्याशी संबंध याच सुमारास कायमचा सुटला. पुढे बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, बैलगाडीला रबरी टायर आले, मोटेच्या जागी विजेचे पंप आले. धाव, आख, मोट आणि फाळ ही चारही कामे एका पिढीत कमी झाली.

दुसऱ्या बाजूला शहर वाढत होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि रेल्वे स्टेशन, चिकलठाणा व पुढे वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारी लहान लहान शेड उभी राहिली. लेथ, ड्रिल, प्रेस, वेल्डिंग हे शब्द घराघरांत रुळले. १९८२ च्या डिसेंबरमध्ये औरंगाबादची महानगरपालिका झाली. सिडकोच्या वसाहतींबरोबरच जालना रस्त्याच्या दक्षिणेला, गारखेडा भागात, पुंडलिकनगरसारख्या वस्त्या दाट होत गेल्या. खेड्यापाड्यांतून आलेल्या नोकरदार व कामगार मंडळींनी लहान प्लॉटवर घरे बांधली. अशा प्रत्येक घराला फाटक हवे, खिडकीला जाळी हवी, जिन्याला कठडा हवा, पाण्याच्या टाकीला स्टँड हवा आणि दुकानाला शटर हवे. फाळ शेवटणाऱ्या हातांना असे नवे काम मिळाले. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला, सांध्यासाठी ठोकून जोडण्याऐवजी वेल्डिंग आले. ऐरण आणि हातोडा मात्र कोपऱ्यात राहिलेच, कारण वाकडे झालेले सरळ करण्याचे काम यंत्राने संपत नाही.

दुकानाचा हिशोब

येथे एक कटू सत्य नमूद केले पाहिजे. फॅब्रिकेशनची अनेक छोटी दुकाने काम नसल्यामुळे नव्हे, तर काम असतानाच बंद पडतात. त्याचे कारण हिशोबात आहे. गिऱ्हाईक किलोचा भाव विचारते आणि कारागीर लोखंडाच्या भावावर थोडी मजुरी चढवून सांगून मोकळा होतो. गोल सळईचे वजन काढण्याचा नियम कामगारांना तोंडपाठ असतो. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत येते. १२ मिलिमीटरची सळई या हिशोबाने मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते. लोखंडाचे वजन असे ग्रॅमपर्यंत कळते. स्वतःच्या दिवसाचे वजन मात्र कोणी करीत नाही.

माप घेण्यासाठी दोन फेऱ्या, कापताना वाया गेलेले तुकडे, वेल्डिंगच्या कांड्या, ग्राइंडरची चाके, वीज, गंजरोधक रंगाचा हात, टेंपोचे भाडे, बसविताना भिंतीत करावे लागणारे भोक, जागेचे भाडे आणि यंत्राची झीज हे सर्व खर्च किलोच्या भावात लपतात. डोळ्यांपुढे धरावयाची काच आणि हातमोजे यांवरचा खर्च तर उगाचचा समजला जातो. पण वेल्डिंगच्या प्रखर प्रकाशाने रात्रभर डोळे चुरचुरल्यावर जो खाडा पडतो, तोही खर्चच आहे. याशिवाय सर्वांत मोठा खर्च उधारीचा. लोखंडवाला व्यापारी रोख मागतो, गिऱ्हाईक मात्र ‘बाकी पुढच्या महिन्यात’ म्हणते. दोहोंच्या मध्ये जे दिवस जातात त्यांचे व्याज कारागीर भरतो. जुना लोहार वर्षातून एकदा खळ्यावर उभा राहत असे. आजचा कारागीर वर्षातून अनेकदा गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहतो.

शासनाने ही अडचण ओळखलेली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २००६ अन्वये, नोंदणीकृत लहान उत्पादकाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते व ती विनामूल्य होते. तसेच १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे विश्वकर्मा जयंती आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकत्र आलेल्या दिवशी, केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत निवडलेल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप जाहीर झाले.

कायदा आणि योजना यांचा लाभ कागदावाचून होत नाही. मागणीचा साधा कागद, त्यावर माप, वजन, भाव आणि तारीख. काम दिल्यावर सहीची पोच. आगाऊ रकमेची पावती. एवढे जपले तरी निम्मे तंटे होत नाहीत. बलुत्याच्या काळात सर्व गाव साक्षीला होते, म्हणून कागद लागत नव्हता. शहरात शेजारीसुद्धा साक्षीला नसतो, म्हणून कागद लागतो. यात अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही, दोन्ही बाजूंची अब्रू राखण्याचा आहे.

देवळाचे लोखंड

जीर्णोद्धाराच्या कामाशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंधही आहे. जुन्या दगडी बांधकामात चिरे एकमेकांना धरून ठेवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी लोखंडी पकडी बसविल्या जात. पाणी झिरपले की लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्याच्या दाबाने भक्कम चिराही आतून फुटतो. म्हणून दुरुस्ती करताना अशा जुन्या पकडी तपासाव्यात व नव्या घालावयाच्या झाल्यास न गंजणाऱ्या पोलादाच्या घालाव्यात. दर्शनरांगेचे कठडे, सभामंडपाच्या जाळ्या आणि फाटके यांना रंगापूर्वी गंज घासून काढणे आणि अस्तराचा हात देणे हे खर्च वाचविण्याच्या यादीत घालू नये. अभिषेकाच्या पाण्याजवळ तर साधे लोखंड लवकर खराब होते. या गोष्टी अनुभवी कारागीर सांगतो. भाव ठरविण्यापूर्वी त्याचे ऐकून घेतले तर पुढील जीर्णोद्धार लांबणीवर पडतो.

खंडेनवमीला लोहार ऐरण धुतो, हातोडा, घण, सांडशी मांडतो, हळदकुंकू वाहतो आणि त्या दिवशी भट्टी पेटवीत नाही. आता त्याच ओळीत वेल्डिंगचे यंत्र आणि ग्राइंडरही असतात व त्यांनाही झेंडूची माळ पडते. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने हातचे काम न टाकता देवाला विटेवर उभे केले, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. हातचे काम हीच पूजा, हा तिचा अर्थ वारकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या सांगितला. ज्याचे काम हीच पूजा आहे त्याच्या पूजेचे साहित्य, म्हणजे त्याचा ठरलेला पैसा, वेळेवर त्याच्या हाती देणे हेही धर्मकार्यच होय. कान्हेरीच्या लोहाराने वाट बांधून दिली, कारण त्याच्या हाती त्याच्या कामाचे मोल आले होते. आजच्या भट्टीवाल्यांच्या हातीही ते येवो, त्यांची मुले हा धंदा लाजेने न सोडता शिकून वाढवोत, आणि देवस्थानांच्या दारांवर त्यांचे हात असेच फिरत राहोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.